अडतीस सेकंदांचं भविष्य

शनिवारी दुपारी दोन ते चार तराजूकाकांना स्वतःच्या घरात बसायला खुर्ची मिळत नसे. सगळं सुरू झालं ते इथून. खुर्ची मिळाली असती तर पुढचा एकही प्रकार घडला नसता, असं काकू अजून म्हणतात. आणि काकू म्हणतात म्हणजे ते खरंच असणार. का, ते कळेलच.

घरात खुर्च्या तीन. हातांची खुर्ची काकूंच्या धाकट्या भावाची, म्हणजे काकांच्या मेहुण्याची. तो मोटरसायकलींचे सुटे भाग विकायचा, स्वतः एक म्हशीएवढी मोटरसायकल चालवायचा, आणि म्हणून दुचाकीविषयीचा शेवटचा शब्द आपला, अशी त्याची मनापासून समजूत होती. दुसरी खुर्ची खालच्या मजल्यावरच्या बाईंची. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. मांडीवर चौकटीची वही उघडून त्या प्रत्येक स्वाराच्या प्रत्येक फेरीची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत लाल पेनाने टिपायच्या, आणि कोणी फार हळू गेला तर समासात ‘प्रयत्न हवा’ असा शेरा मारायच्या. तिसरी खुर्ची सोसायटीच्या सेक्रेटरींची. त्यांना उभं ठेवलं की पुढच्या आठवड्यात नेमकी आपल्याच बाजूची पाण्याची टाकी धुवायला निघते, हा अनुभव होता.

राहता राहिलं कपडे धुवायचं स्टूल. ते न्हाणीघराच्या दाराशी, आणि त्यावर काका.

ही मंडळी जमायची मोटरसायकल शर्यतीचं क्वालिफाइंग बघायला. शर्यत रविवारी, पण रविवारी कोणी कुठून सुटायचं ते शनिवारी ठरतं. जो तो जीव तोडून फेऱ्या मारतो, ज्याची एक फेरी सगळ्यांत कमी वेळात होईल तो सर्वांच्या पुढे उभा राहतो. एका रांगेत तिघे, आणि पहिल्याच्या जागेला म्हणतात पोल. आधी सरावात मागे पडलेल्यांची फेरी, तिच्यातले पहिले दोघे वरच्या गटात, मग त्या पुढच्यांची फेरी.

“शर्यत काय, कोणीही बघतं,” मेहुणा म्हणायचा. “क्वालिफाइंग बघतो तो जाणकार.”

आणि खरं सांगायचं तर बघण्यापेक्षा चर्चाच जास्त. टायर मऊ घातला की कडक, वळणावर गुडघा किती टेकला, ढग आले तर काय. इतक्या पोटतिडकीने माणसं स्वतःच्या मुलांच्या लग्नाचाही विचार करत नसतील. या चर्चेत काकांना मात्र प्रवेश नव्हता.

काका वजनमापे खात्यात निरीक्षक. सत्तावीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासलेले. पाच ग्रॅमची लबाडी त्यांना दुकानाच्या पायरीवरून दिसायची, आणि खोट्या काट्याला त्यांनी कधी शिक्का दिला नव्हता. या सवयीचा तोटा असा, की बोलण्याआधीही ते शब्द तोलून बघत. ते “मला वाटतं...” म्हणेपर्यंत चर्चा दोन वळणं पुढे गेलेली असायची.

“मला वाटतं, तो चौऱ्याऐंशी नंबरवाला...”

“भाऊजी, तुम्ही राहू द्या,” मेहुणा मागे न बघताच म्हणायचा. “तुम्ही स्कूटरसुद्धा चालवत नाही, फिरायला नेता.”

सगळे हसायचे. काकाही हसायचे, कारण आपल्यावरच्या विनोदाला हसलं नाही तर तो दुसऱ्यांदा सांगितला जातो. मग ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचे. तिथे काकू असायच्या.

काकूंचे रोजचे दोन नेम होते, लग्नाआधीपासूनचे. एक, खोटं बोलायचं नाही. दोन, कोणाचं मन दुखेल असं बोलायचं नाही. दोन्ही नेम एकदम पाळायला घेतले की बोलण्यासारखं फारच थोडं उरतं. म्हणून काकू मितभाषी होत्या. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी काकांना “छान बोललात” असं म्हटल्याचं काकांना आठवत नव्हतं. अर्थात छान बोलायला आधी बोलायला मिळावं लागतं.

तर एका शनिवारी काका असेच स्टुलावर अंग चोरून बसले असताना न्हाणीघराच्या झरोक्यातून आवाज आला, “पडला! छप्पन पडला! अरे गाढवा, पाचव्या वळणावर असा ब्रेक मारतात का?”

आवाज वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा. डॉक्टर पाच वर्षांपूर्वी जिन्यातल्या कुंड्यांवरून सोसायटीशी भांडले होते, तेव्हापासून ते इमारतीत कोणाशी बोलत नसत. जे काही ओरडायचं ते टीव्हीवर. शनिवारी दुपारी ते दवाखाना बंद ठेवत. एकदा चालू ठेवला होता, तेव्हा त्यांच्या “पडला!” या आरोळीसरशी खुर्चीतला पेशंट जिभेने दात मोजत बसला होता म्हणे.

काकांनी टीव्हीकडे बघितलं. छप्पन नंबर मजेत चालला होता.

“छप्पन नंबर पाचव्या वळणावर पडला,” काका सहज म्हणाले.

“भाऊजी, डोळे तपासा. तो बघा, सरळ रस्त्यावर...”

छप्पन नंबर पाचव्या वळणावर गेला, चाक घसरलं, आणि तो खडीवरून पाठीवर घसरत भिंतीपर्यंत गेला. बाईंचं लाल पेन थबकलं. सेक्रेटरींनी खुर्चीसकट मागे वळून बघितलं. आणि मेहुण्याने, ताईचं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, काकांना विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?”

इथे काकांनी “वरून ऐकू आलं” असं म्हटलं असतं तर गोष्ट संपली असती. पण तीन माणसं आपल्याकडे तोंड करून बसली आहेत, हे दृश्य त्यांनी स्वतःच्या घरात कधी बघितलं नव्हतं. ते म्हणाले, “ब्रेक मारायची त्याची पद्धत बघितली. पाचव्याला टिकणार नव्हता तो.”

पुढच्या शनिवारी त्यांनी खात्याचं स्टॉपवॉच आणलं. पेट्रोल पंपावर माप तपासायला दिलेलं, शिक्क्याचं. वरची आरोळी आणि खालचं दृश्य यांत नेमकं अंतर किती, तर अडतीस सेकंद. कारणही सोपं होतं. डॉक्टरांच्या टीव्हीला गच्चीवरची डिश होती. काकांच्याही टीव्हीला होती, पण “भाऊजी, आता जमाना इंटरनेटचा” असं म्हणत मेहुण्यानेच ती काढून टाकली होती, आणि इंटरनेटवरून शर्यत जरा रमतगमत घरी यायची.

अडतीस सेकंद म्हणजे किती, हे ज्याला आयुष्यात कोणी काहीच विचारलं नाही त्याने सांगावं. सहा आठवड्यांत काकांनी अकरा जण पाडले, चार जणांना पोल दिली, आणि एकदा तर “आता कॅमेऱ्यासमोर एक पक्षी येईल” असं सांगून बाईंना घाम फोडला. हातांची खुर्ची त्यांना देऊ केली गेली. त्यांनी ती नम्रपणे नाकारली. “मी आपला स्टुलावरच बरा,” ते म्हणाले. झरोक्यापासून हातभर लांब गेलं तरी ऐकू कमी येत होतं. पण त्यांच्या साधेपणाचीच इमारतभर वाहवा झाली.

एवढ्या सगळ्यात एक खडा दाताखाली येत होता. पहिल्या विजयाच्या संध्याकाळी त्यांनी काकूंना विचारलं, “कसं बोललो आज?”

“चहा गार होतोय,” काकू म्हणाल्या. खरंच होत होता.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा विचारलं. “स्टुलाचा एक पाय हलतोय,” काकू म्हणाल्या. तोही हलत होता. तेव्हा काकांच्या लक्षात आलं, की कपडे धुताना झरोक्यातून येणारा आवाज काकूंच्याही ओळखीचा आहे. काकूंनी कोणाला काही सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नव्हतं. पण उद्या कोणी विचारलं तर? त्या दिवसापासून शनिवारी कोणी काकूंकडे वळून “काय काकू?” म्हणालं, की काका घाईघाईने पाणी सांडायचे. तीन पेले फुटले.

मग मोसमातलं शेवटचं क्वालिफाइंग आलं, आणि सेक्रेटरी उभे राहिले.

“काकांचं ज्ञान एका खोलीत कोंडून ठेवणं हा सोसायटीवर अन्याय आहे,” ते म्हणाले. “तळमजल्याचा हॉल घेऊ. सगळ्यांना बोलावू. मोठा पडदा. काका समोर बसून विवेचन करतील.”

“नको, नको,” काका म्हणाले. मोठेपणाला माणूस नको नको म्हणतो तेव्हा लोक ते ‘हो’ असंच ऐकतात. आणि खरं सांगायचं तर काकांनीही ते फार जोरात म्हटलं नव्हतं.

हॉलसाठी अर्ज लागतो. विवेचक काका, म्हणून अर्जदार काका. तीन प्रती. त्या त्यांनी सेक्रेटरींच्या हातात दिल्या, तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, “इथे नको, पेटीत टाका.” पेटी सेक्रेटरींच्याच दाराला. काकांनी तिथेच वळून टाकल्या. दोन दिवसांनी उत्तर आलं: हॉलमध्ये वाहन आणण्यास मनाई आहे, कार्यक्रम मोटरसायकलींचा असल्याचं दिसतं, तरी खुलासा करावा. काकांनी खुलासा केला, की मोटरसायकली पडद्यावरच राहतील. मग हॉलला लागून राहणाऱ्या सभासदाची ‘हरकत नाही’ अशी चिठ्ठी हवी, असं निघालं. हॉलला लागून सेक्रेटरीच राहत. त्यांनी विचार करायला दोन दिवस मागून घेतले. शेवटी स्वतःला हरकत नसल्याचं त्यांनी स्वतःला लेखी कळवलं, आणि पोच मागितली.

इकडे सल्ल्यांना ऊत आला. आदल्या दिवसापासून गार पाणी पिऊ नका. पिवळा शर्ट घालू नका, शर्यतीत पिवळा म्हणजे धोक्याचा झेंडा. सुरुवातीला एक विनोद सांगा. विनोद अजिबात सांगू नका. बाईंनी हॉलच्या फरशीवर खडूने खुणा करून खुर्च्या थेट शर्यतीच्या सुरुवातीसारख्या तिरक्या रांगांत लावल्या, तीन-तीन. पहिली खुर्ची काकांची. फलकावर सेक्रेटरींनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘क्वालिफाइंगचं थेट दर्शन. विवेचक: आपले तराजूकाका, जे घडण्याआधी सांगतात.’

तो फलक वाचताना काकांनी मनातल्या मनात मजले मोजले. हॉल तळमजल्यावर होता, आणि डॉक्टर चौथ्यावर. मध्ये झरोका नव्हता, माणुसकी नव्हती, काहीच नव्हतं.

घरी येऊन ते काकूंसमोर बसले. बराच वेळ तोलत होते.

“अगं, तू शनिवारी हॉलमध्ये येणार आहेस का?”

“तुम्ही म्हणाल तसं.”

“नाही, म्हणजे, तू न्हाणीघरात बसलीस तर? स्टुलावर. फोन घेऊन. वरून जे ऐकू येईल ते नुसतं मला फोनवर सांगायचं. मी कानात वायर घालून बसेन.”

काकूंनी स्टुलाकडे बघितलं.

“यात खोटं काही नाही. तू ऐकलंस तेच सांगणार.”

“मी ऐकीन ते सांगेन,” काकू म्हणाल्या. “पण कोणी मला विचारलं, तरीही मी ऐकलं तेच सांगेन.”

“तुला विचारायला तू तिथे असणार कुठे?” काका म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांना स्वतःलाच आवडलं नाही. खोट्या काट्याच्या पारड्याखाली चिकटवलेला लोहचुंबक त्यांनी आजवर शेकड्याने काढला होता. चिकटवण्याची ही पहिलीच वेळ.

शनिवारी सकाळी काका बाजारात काटे तपासायला गेले होते, तेव्हाची गोष्ट. पडदा आला, खुर्च्या आल्या, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की हॉलमध्ये इंटरनेट नाही. सेक्रेटरी डगमगले नाहीत. “गच्ची सोसायटीची,” ते म्हणाले, “म्हणजे गच्चीवर आहे ते सोसायटीचं.” गच्चीवर एकच डिश होती. ती मेहुण्याने पाना घेऊन सोडवली, हॉलच्या मागच्या अंगणात आणून उभी केली आणि जोडली. डॉक्टरांच्या दारावरच्या पेटीत रीतसर पत्र टाकलं, की सार्वजनिक हितासाठी आपली डिश एका दिवसापुरती वापरात घेतली आहे, हरकत असल्यास तीन प्रतींत कळवावी.

डॉक्टरांनी पेटी तेव्हा उघडली नाही. त्यांनी दोन वाजता टीव्ही लावला, तो काळा दिसला, त्यांनी त्याला दोन चापट्या मारल्या, आणि मग नाइलाजाने खिशातला फोन काढून इंटरनेटवर क्वालिफाइंग बघायला बसले.

म्हणजे बघा काय झालं. आता हॉल पुढे, आणि डॉक्टर अडतीस सेकंद मागे. काका बाजारातून तडक आले, तोंड धुतलं, कानात वायर खोचली आणि टाळ्यांच्या गजरात पहिल्या खुर्चीवर जाऊन बसले. त्यांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

मागच्यांची फेरी सुरू झाली. हॉलमध्ये साठेक माणसं. पहिल्याच मिनिटाला एकसष्ट नंबर दुसऱ्या वळणावर आपटला. लोक हळहळले. काका शांत बसून होते. अशा किरकोळ गोष्टी वरून कळल्या नव्हत्या त्याअर्थी डॉक्टर पाणी प्यायला गेले असतील. पडद्यावर एकसष्ट नंबर उठला, हातमोजे काढले, आणि गाडीला लाथ मारून चालू लागला.

कानात काकूंचा मृदू आवाज आला, “वरचे म्हणाले, एकसष्ट दुसऱ्या वळणावर पडला.”

काका ताडकन उभे राहिले. “मंडळी, लक्ष असू द्या. एकसष्ट नंबर! दुसऱ्या वळणावर पडणार!”

लोकांनी आधी पडद्याकडे बघितलं, मग काकांकडे.

“काका,” बाई हळूच म्हणाल्या, “तो पडून घरी गेला.”

“दुसऱ्यांदा पडेल,” काका म्हणाले.

“कशावरून? गाडी ट्रकमध्ये चढवतायत.”

थोड्या वेळाने एकाची फेरी पिवळ्या झेंड्यामुळे रद्द झाली. सगळ्यांनी बघितलं, बाईंनी वहीत काट मारली, त्यावर चर्चा होऊन संपली, आणि मग काकांनी हात वर करून गंभीर आवाजात सांगितलं, की मला पिवळा झेंडा दिसतो आहे. मागून कोणीतरी म्हणालं, “आम्हालाही दिसला होता.” एक पोरगी फिस्सकन हसली. तिच्या आईने तिला दटावलं आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावला.

यंत्र बिघडावं तसं काकांचं भविष्य बिघडलं होतं आणि ते थांबवता येत नव्हतं. मागच्यांच्या फेरीत पहिले दोघे कोण, हे त्यांनी ते दोघे मागे पडल्यावर सांगितलं. ढग येतील असं त्यांनी थेंब पडू लागल्यावर सांगितलं. मेहुणा पहिल्या रांगेतच होता. तो आता पडद्याकडे बघत नव्हता, काकांच्या कानाकडे बघत होता.

“भाऊजी, कानात काय आहे?”

“ऐकू कमी येतं हल्ली.”

“कधीपासून? ताई बोलली नाही कधी.”

“तिला काय विचारतोस!” काका इतक्या मोठ्याने म्हणाले, की साठ माणसांच्या मनात काकूंना विचारायची इच्छा एकदम जागी झाली.

तेवढ्यात कानात पुन्हा काकूंचा आवाज. या वेळी जरा घाईचा. “अहो, वरचे म्हणाले, पेटीतलं पत्र बघितलं, माझी डिश कोणी काढली ते आत्ता कळलं, खाली जाऊन एकेकाचा दात उपटतो. दार आपटलं त्यांनी. जिन्यात आहेत.”

माणूस सवयीचा गुलाम. काका डोळे मिटून म्हणाले, “आता... आता वरचे डॉक्टर खाली येतील. फार रागात असतील.”

हॉलचं दार धाडकन उघडलं. डॉक्टर. एका हातात सेक्रेटरींचं पत्र, दुसऱ्या हातात फोन.

त्या दिवसातलं काकांचं हे एकच भाकीत खरं ठरलं, आणि लोकांनी त्याला उत्स्फूर्त टाळ्या दिल्या.

“टाळ्या कसल्या वाजवता!” डॉक्टर गरजले. “माझी डिश इथे, आणि मी तिकडे तळहाताएवढ्या फोनवर! तोही मागे! हे बघा, तुमच्याकडे दोघे वर गेले, आणि माझ्याकडे अजून शेवटची फेरी चालू आहे!”

बाईंनी चष्मा वर सरकवला. डॉक्टरांचा फोन घेतला, पडदा बघितला, फोन बघितला, वहीत काहीतरी मांडलं. मग वहीची मागची सहा पानं चाळली. मुख्याध्यापिका ती मुख्याध्यापिका. कोणाची उत्तरं कोणाच्या पाटीवरून उतरली आहेत, हे हेरण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी वही मिटून काकांकडे बघितलं. काकांना वाटलं, आपल्याला बाकावर उभं करणार.

डॉक्टरांच्या मागोमाग काकू दारात आल्या होत्या. जिन्यात कोणी पडलं-बिडलं तर, या काळजीने. हातात फोन तसाच, अजून चालू. मेहुण्याने तो फोन बघितला, काकांच्या कानातली वायर बघितली, आणि उठून उभा राहिला.

“ताई,” तो म्हणाला, “तू जन्मात खोटं बोलली नाहीस. सगळ्यांसमोर सांग. भाऊजींना आधी कसं कळायचं?”

काकांनी पाणी सांडायला पेला शोधला. पेला नव्हता.

काकूंच्या दोन्ही नेमांची गाठ अशी समोरासमोर कधी पडली नव्हती. खरं सांगावं तर मन दुखणार, आणि तेही कोणाचं! त्यांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ किंचित हलले. देवाला विचारलं असावं. मग त्या म्हणाल्या, “मला कशाला विचारतोस? वजनमापे निरीक्षक हे आहेत. नेमकं माप तेच सांगतील.”

एवढंच. खोटं नाही, आणि दुखणारंही नाही. पण काकांना ते असं लागलं, जसं कोणी त्यांच्याच हातात त्यांचा शिक्का दिला असावा आणि समोर त्यांचाच काटा ठेवला असावा.

त्यांनी कानातली वायर काढली. खिशातून स्टॉपवॉच काढून बाईंच्या वहीवर ठेवलं.

“अडतीस सेकंद,” ते म्हणाले. “डॉक्टरांचा टीव्ही आमच्यापुढे होता. ते ओरडायचे, मी न्हाणीघराच्या दारातून ऐकायचो आणि सांगायचो. सहा आठवडे. माझं स्वतःचं त्यात काही नव्हतं. आज डिश इकडे आली, म्हणून माप उलटं झालं.” थोडं थांबून म्हणाले, “पक्षीसुद्धा त्यांचाच.”

मग डॉक्टरच म्हणाले, “म्हणजे सहा आठवडे माझं बोलणं खाली सगळे ऐकत होते?”

“मन लावून,” सेक्रेटरी म्हणाले.

डॉक्टरांचा राग कुठे तरी अडखळला. पाच वर्षं ते भिंतींशी ओरडत होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, “ब्रेकचं मी म्हटलं होतं, ते बरोबर होतं ना?”

“अगदी बरोबर,” मेहुणा म्हणाला. त्याच्या तोंडून ते निसटलंच.

बाई उभ्या राहिल्या. “नियम आहे,” त्या म्हणाल्या. “क्वालिफाइंगमध्ये स्वतः फेरी न मारता रस्त्यात रेंगाळत राहायचं, वेगवान स्वार आला की त्याच्या पाठीला लागून वेळ काढायची, याला दंड आहे. तीन जागा मागे.”

“तीन कमी आहेत,” काका म्हणाले. त्यांनी आपली खुर्ची उचलली, साठ माणसांमधून वाट काढत शेवटच्या रांगेच्याही मागे, दाराशी नेऊन ठेवली, आणि बसले. पहिल्या खुणेवर डॉक्टरांना बसवलं गेलं. काकू काकांच्या शेजारी येऊन बसल्या.

पुढच्यांची फेरी सुरू झाली. बारा जण, पंधरा मिनिटं, पोलसाठी. पुढे डॉक्टर आणि मेहुणा यांचं जोरात जुंपलं होतं. आता दोघांचा टीव्ही एकच असल्याने भांडण बरोबरीचं होतं. काकांना बऱ्याच दिवसांनी नुसतं बघता येत होतं. पुढे काय होणार हे माहीत नसलं की शर्यत फार देखणी दिसते, हे ते विसरूनच गेले होते.

पाच मिनिटं राहिली, आणि मेहुण्याने मान मागे वळवली. त्याच्या मनात काय होतं देव जाणे. थट्टा करायला वळला असेल. पण थट्टा काही बाहेर आली नाही.

“भाऊजी,” तो तिथूनच ओरडला, “तुम्हाला काय वाटतं? वरून नको. तुम्हाला स्वतःला.”

साठ माना वळल्या. काकांनी शब्द तोलायला घेतले. या वेळी सगळे थांबले.

“मला वाटतं,” काका म्हणाले, “चौऱ्याऐंशी नंबर. वयाने सगळ्यांत मोठा आहे. तो कोणाच्या मागे लागत नाही, एकटाच निघतो. पहिल्या वळणांत मागे पडतो, कारण टायर तापेपर्यंत तो घाई करत नाही. लोकांना वाटतं थकला. पण फेरीचा शेवटचा भाग त्याचा सगळ्यांत स्वच्छ असतो. आज हवा गार आहे, टायर तापायला वेळ लागेल, बाकीचे घाई करतील आणि घसरतील. तो नाही घसरणार. पोल त्याची.”

“अरे वा,” डॉक्टर वळून म्हणाले. “टायरचं माझ्या लक्षात नव्हतं आलं.”

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. पूर्ण वाक्यात.

चौऱ्याऐंशी नंबर एकटाच निघाला. पहिल्या वळणांत मागे पडला, काका म्हणाले तसाच. टायर तापू दिला, काका म्हणाले तसाच. शेवटचा भाग त्याने लोण्यातून दोरा ओढावा तसा स्वच्छ काढला. आणि आला दहावा. कोणी घाई केली नाही, कोणी घसरलं नाही, गार हवेने कोणाचं काही वाकडं केलं नाही.

“भाऊजी, दहावा!” मेहुणा ओरडला, आणि सगळा हॉल हसला. काकाही हसले. या खेपेला हिशोब करून नव्हे.

मग ते काकूंकडे वळले. विचारावं की नाही, हे तोलत बसले. विचारलं नाहीच.

“चुकलं हो तुमचं,” काकू म्हणाल्या. “चांगलंच चुकलं.” त्यांनी काकांच्या मांडीवर पडलेली कानाची वायर गुंडाळून नीट गाठ मारली, आणि पडद्याकडे बघत हळूच म्हणाल्या, “पण छान बोललात.”

आणि काकू खोटं बोलत नाहीत.